चौथ्या खुर्चीतली हुडहुडी

१

कॅशियरबाईंना थंडी वाजायला लागली तेव्हा डायलिसिसच्या हॉलमध्ये पंखासुद्धा बंद होता.

आधी त्यांनी एक पांघरूण मागितलं, मग दुसरं. मग दातांवर दात आपटायला लागले आणि चौथी खुर्ची अशी थरथरायला लागली, की तिच्या हातावर ठेवलेली चष्म्याची डबी घरंगळत खाली गेली. नवी सिस्टर धावली. उशीवर पसरलेले बाईंचे सुळसुळीत केस बाजूला करून तिनं कपाळाला हात लावला आणि वळून दाराकडे पाहिलं. तोंडावर मास्क होता, पण डोळ्यांतली भीती मास्कनं झाकली जात नव्हती.

दारात साबणबाई उभी होती.

तिचं हे नाव हॉस्पिटलनं ठेवलेलं. इथे आलेल्या पेशंटला इथलाच कुठला संसर्ग होऊ नये, हे बघायचं तिचं काम. दिवसभर लोकांच्या मागे लागून हात धुवायला लावायची, म्हणून साबणबाई. ती वळणावर दिसली की वॉर्डबॉयसुद्धा नळ सोडून उभे राहायचे, मग हात धुवायचे असोत की नसोत.

"आता सांगू नको मला, की ही तिसरी," ती हळूच म्हणाली.

"तिसरीच आहे," नवी सिस्टर म्हणाली.

आधी पोनीवाला फोटोग्राफर. मग कॉलेजवाली, जी अभ्यासाचं पुस्तक घेऊन यायची आणि पहिल्या पानावरच झोपायची. आता कॅशियरबाई. तिघंही घरून हसत आले, खुर्चीत बसले, मशीन सुरू झालं आणि तासाभरात हुडहुडी भरली.

तिघांमध्ये एक गोष्ट सारखी होती. बाकीच्या पेशंटांच्या हातात ऑपरेशन करून जाड केलेली शीर, म्हणजे फिस्टुला होता. सुई टोचायची, रक्त मशीनमध्ये फिरवून स्वच्छ करायचं, सुई काढायची, झालं. या तिघांचे हात अजून तयार नव्हते. म्हणून त्यांच्या गळ्याच्या हाडाखालून एक नळी थेट हृदयाजवळच्या मोठ्या शिरेत सोडलेली होती. बाहेर लोंबणारी तिची दोन टोकं, लाल टोपण आणि निळं टोपण. ही नळी म्हणजे रक्तात जाणारं उघडं दार. जंतू आत शिरला, की त्याला अडवणारं कुणी नाही.

सकाळच्या पाळीत अशी नळी असलेले पाच जण होते. तिघं आजारी पडले. उरले दोन. एक टकलेकाका.

दुसरी सहाव्या खुर्चीत, डोक्याला रुमाल घट्ट बांधून, कॅशियरबाईंकडे टक लावून बघत होती. तिची नजर साबणबाईकडे वळली.

"छोटे," ती म्हणाली, "आता माझाच नंबर ना?"

ती साबणबाईची सख्खी थोरली बहीण होती.

२

"पाण्यात राहणारा जंतू," डॉक्टरांनी रिपोर्ट टेबलावर सरकवला. "फोटोग्राफर आणि त्या मुलीच्या रक्तात एकच निघालाय. कातडीवरचा नेहमीचा नाही. ओलाव्यात, टाक्यांत, पाइपांत वाढतो तो. आता आपल्याकडे पाणी म्हटलं की काय?"

"मशीनचं पाणी."

"मग पकडा मशीनवाल्याला." डॉक्टरांनी चष्मा काढून डोळे चोळले. आवाज खाली आला. "तुमच्या ताईंचं तुम्हाला माहीत आहे. उजवीकडची शीर बंद झाली, पहिला फिस्टुला फसला, दुसरा अजून कोवळा आहे. तो तयार होईपर्यंत ही नळी टिकायलाच हवी. ही गेली तर नवी कुठे घालायची, हे मला आज तरी सांगता येत नाही."

ताईचं पुढचं डायलिसिस परवा होतं.

मशीनवाला पाणी शुद्ध करायच्या प्लांटमध्ये स्टुलावर बसला होता, तोंड फुगवून. त्याच्यापर्यंत बातमी आधीच पोचली होती.

"या. बेड्या आणल्यात का?"

"नमुने हवेत."

"घ्या. टाकीतून घ्या, पाइपातून घ्या, माझ्या घामाचे घ्या. गेल्या आठवड्यात तुम्हीच नेले होते, स्वच्छ निघाले. तेव्हा कुणी पेढे वाटले नाहीत मला."

"चिडताय कशाला? विचारायला तर हवं."

"विचारा की. पण तो फोटोग्राफर वेगळ्या मशीनवर, मुलगी वेगळ्या, बाई वेगळ्या. टाकी सगळ्यांची एकच. आता सांगा, चिडू नको तर काय करू?"

नमुन्याच्या बाटलीचं झाकण लावताना साबणबाईचा हात मध्येच थांबला. टाकी सगळ्यांची एकच. मग हातावर सुई टोचून घेणारे पेशंटही तेच पाणी वापरत होते. ते तर ठणठणीत होते. एकालाही साधी कणकण आली नव्हती.

म्हणजे जंतू पाण्यातलाच होता, पण या पाण्यातला नव्हता. मशीनमधून तो आलेला नव्हता. कुठलं तरी दुसरंच पाणी बाहेरून नळीपर्यंत पोचत होतं.

आणि नळीला हात लावणारी माणसं या इमारतीत फार थोडी होती.

३

नवी सिस्टर नळीला कसा हात लावते, हे बघायला साबणबाई पाळी संपताना हॉलमध्ये भिंतीला टेकून उभी राहिली. नवीच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

टकलेकाकांचं मशीन थांबलं होतं. नवीनं हात धुतले, हातमोजे घातले, काकांच्या तोंडावर मास्क चढवला आणि त्यांचं डोकं पलीकडे वळवलं. नळीचं टोक जंतुनाशकानं घासलं. नुसतं पुसलं नाही, चांगलं रगडलं. मग ते वाळेपर्यंत थांबली. साबणबाईची नजर अंगावर असतानाही तिनं घाई केली नाही. नवं टोपण लावलं.

साबणबाईला त्यात खोट काढता येईना. तिला खोट सापडायला हवी होती. सापडली असती तर ताई वाचली असती.

"मला काढून टाकणार का?" नवीनं मान वर न करता विचारलं.

"कोण म्हणालं?"

"सगळेच. जेवायला कुणी शेजारी बसत नाही."

"उद्यापासून माझ्याशेजारी बस. माझ्याशेजारी तर कधीच कुणी बसत नाही."

नवीच्या डोळ्यांच्या कडा जरा सैलावल्या. मग ती म्हणाली, "एक आहे. सांगू का? नळी जिथून बाहेर येते तिथली पारदर्शक पट्टी. त्या तिघांच्या पट्ट्यांच्या कडा वळल्या होत्या. गरम इस्त्रीजवळ प्लॅस्टिक ठेवलं की कसं होतं, तशा कुरळ्या. मला वाटलं, माल खराब आला. ओली असती तर लगेच बदलली असती, पण कोरडी ठणठणीत होती."

"ओलं काहीच नव्हतं?"

"वरून तरी नाही."

साबणबाईनं वाकून टकलेकाकांची पट्टी पाहिली. त्याच खोक्यातली. कडा छातीला सपाट चिकटलेल्या, जशी लावली तशी.

"काका, तुम्हाला कसा काही ताप नाही हो?"

काकांनी मास्क खाली केला. निवृत्त पोस्टमन. उभं आयुष्य लोकांची दारं ठोठावण्यात गेलेलं, त्यामुळे बोलायला कुणी मिळालं की सोडत नसत.

"तापालासुद्धा रूप लागतं, सिस्टर. इथे बघा, एकेक जण कसा नटून येतो हल्ली. फोटोग्राफरची ती शेपटी, काय तिचा तोरा. कॅशियरबाई तर लग्नाला निघाल्यासारख्या. मीच आपला जसाच्या तसा." त्यांनी गुळगुळीत डोक्यावरून हात फिरवला. "मला कोण बोलावतंय?"

"कुठे बोलावतंय?"

काकांचं हसू ओठांवरच थिजलं. त्यांनी मास्क वर ओढला. त्यांच्या मागे, सहाव्या खुर्चीत, ताईनं घाईघाईनं डोळे मिटून घेतले होते.

"काका. कुठे?"

"काही गोष्टी," मास्कच्या आडून काका म्हणाले, "साबणबाईंना सांगायच्या नसतात. ओरडतात त्या."

४

ताईला खोदून विचारायचं, तर डॉक्टरांनी बोलावलं. डॉक्टरांकडून सुटली, तर आई ताईला घेऊन बसनं निघून गेलेली. साबणबाईनं फोन केला. तो वाजत राहिला.

घरी तिची लेक वाटच बघत होती. शाळेच्या वाळूत लोळून आलेली, केसांत अर्धं मैदान. साबणबाईनं तिला न्हाऊ घालायला बसवलं.

"डोळ्यांत जाईल," लेक कुरकुरली.

"मान मागे टाक, नाही जाणार. वर बघ. छताला काय दिसतंय?"

"कोळी."

"छान आहे का?"

"बाळ कोळी आहे."

साबणबाई एका हातानं तिचं इवलं डोकं तोलत होती आणि दुसऱ्या हातानं तांब्या. तिचं स्वतःचं डोकं मात्र कामावरच होतं. तीच सिस्टर, तेच मशीन, तीच पट्टी, तोच हॉल. तिघं पडले, काका उभे. काकांकडे असं काय होतं, जे त्या तिघांकडे नव्हतं?

की उलट होतं? त्या तिघांकडे असं काय होतं, जे काकांकडे नव्हतं?

तिनं तांब्या तिरका केला. पाणी कपाळावरून मागे गेलं, केसांतून वाहिलं. सगळं मात्र खाली पडलं नाही. एक धार कानामागून वळली, मानेला चिकटून चालत राहिली आणि गळ्याच्या हाडापाशी, त्या छोट्या खळग्यात, येऊन थांबली. चमकत राहिली.

साबणबाई तांब्या हातात धरून त्या थेंबाकडे बघत बसली.

"आई, थंडी वाजतेय."

केस. काकांकडे केस नव्हते.

सुळसुळीत केस, पोनीचा तोरा. नळी भिजायला नको म्हणून या लोकांना डोक्यावरून अंघोळ बंद. महिनोन्‌महिने ओल्या फडक्यानं पुसून दिवस काढायचे. तरी तिघांचे केस धुतलेले. कुणीतरी ते मान मागे टाकून धुतले होते. आणि वळलेल्या कडा? कुणीतरी नंतर गरम हवेनं सगळं वाळवलं होतं. वरून कोरडं. पट्टीच्या आत ऊब, ओल आणि जंतूंचा संसार.

डोकं मागे टाकून धुवायचं बेसिन, केस वाळवायचा ड्रायर. कित्येक दिवस न वापरलेला शॉवरचा पाइप, आत पाणी साचलेला.

तिला हे सगळं कुठे आहे ते पाठ होतं. त्याच बेसिनखाली लपून ती लहानपणी लपंडाव खेळली होती.

लेकीला टॉवेलात गुंडाळून तिनं नवऱ्याच्या हातात दिलं आणि ओल्या बाह्यांनीच ती बाहेर पडली.

५

आईचं पार्लर घराच्या मागच्या खोलीत. ताईचं आजारपण सुरू झालं तसं आईनं ते बंद केलं होतं. निदान साबणबाई तसं समजत होती.

आतून पाण्याचा आवाज येत होता.

काळ्या खुर्चीत ताई रेलली होती, मान बेसिनच्या खाचेत, डोळे मिटलेले. डोक्याचा रुमाल खुंटीला. गळ्याभोवती प्लॅस्टिक, त्यावर टॉवेल, त्यावर आणखी एक टॉवेल. आईची बोटं तिच्या केसांत हळूहळू फिरत होती आणि आई काहीतरी गुणगुणत होती.

"आई, नळ बंद कर."

आई दचकली. पाइप हातातून निसटला, बेसिनमध्ये सापासारखा वळवळला. साबणबाईनं पुढे होऊन तोटी बंद केली.

"हे पहिल्यांदाच आहे," ताई म्हणाली. "शप्पथ. इतके दिवस नाहीच म्हटलं मी. उद्या शाळेत बोलावलंय गं. आजारी पडल्यापासून पहिल्यांदा पोरांसमोर उभी राहणार. असल्या डोक्यानं जाऊ?"

"आणि बाकीचे तिघं?"

आई टॉवेलला हात पुसत राहिली. हात केव्हाच कोरडे झाले होते.

"हॉलच्या बाहेर बाकड्यावर बसायचे माझ्याबरोबर," ती म्हणाली. "ती कॉलेजची पोर रडली एकदा. म्हणाली, काकू, माझ्याच डोक्याचा मला वास येतो. मी म्हटलं, ये घरी. मग बाकीचे आले. अगं, मी काय निष्काळजी आहे का? प्लॅस्टिक लावते. वर टॉवेल. नंतर पट्टीवरून पण ड्रायर फिरवते, चांगला गरम. एक थेंब ठेवत नाही."

"वरून ठेवत नाहीस."

"म्हणजे?"

साबणबाईनं ताईला उठवून बसवलं, टॉवेल बाजूला केले, प्लॅस्टिकची घडी उचलली. पट्टीला तिनं हात लावला नाही. ती इथे उघडायची नव्हती. नुसतं बोट दाखवलं. पारदर्शक पट्टीच्या वरच्या कडेतून पाण्याची केसाएवढी रेघ आत गेली होती आणि नळीच्या दिशेनं सरकली होती.

आईनं चष्मा लावला. वाकली. मग खुर्चीच्या हाताला धरून हळूच खाली बसली.

"पण ते तिघं इथून अगदी छान गेले," ती म्हणाली. "ताप तर तिकडे आला. मशीनवर."

"मशीननं फक्त ढकललं, आई. पट्टीखालून जंतू नळीत शिरला आणि आत जम बसवून राहिला. मशीन सुरू झालं, रक्त जोरात फिरायला लागलं, की सगळा लोंढा अंगात. म्हणून आम्ही सगळे तिकडेच शोधत बसलो."

"मला पण कशी शंका आली नाही," ताई पुटपुटली. "वर्गात रोज पोरांना सांगायचे, आधी काय घडलं ते बघा म्हणून."

"मला विचारलं का नाहीत कुणी?" साबणबाईचा आवाज चढला.

"विचारलं असतं तर काय म्हणाली असतीस?" आईनं विचारलं.

साबणबाई 'नाही' म्हणाली असती आणि पुढच्या कामाला लागली असती.

तिनं पाइपातलं थोडं पाणी बाटलीत घेतलं. ताईचे केस कोरड्या टॉवेलात बांधले. आणि दोघींना घेऊन ती तशीच हॉस्पिटलात गेली. नवी सिस्टर ड्यूटीवर होती. तिनं पट्टी काढली. ओल नळीच्या तोंडापर्यंत पोचली होती. तिनं ती जागा जंतुनाशकानं पुसून नवी पट्टी लावली.

"आत गेलं असेल का?" आईनं विचारलं.

नवीनं साबणबाईकडे पाहिलं. साबणबाई खिडकीकडे.

"परवा कळेल," ती म्हणाली.

६

परवाच्या सकाळी प्रयोगशाळेचा फोन आधी आला. बाटलीत त्याच जातीचे जंतू वाढले होते. मशीनवाल्याच्या टाकीत काहीच नव्हतं.

आई हॉलच्या दारात उभी राहिली. त्याआधी ती वॉर्डात कॉलेजवालीकडे जाऊन आली होती. पोरीची नळी काढावी लागली होती, ताप आता कुठे उतरायला लागला होता. तिथे काय बोलणं झालं ते आईनं कुणालाच सांगितलं नाही.

"मी सांगू का तू सांगतेस?" साबणबाईनं विचारलं.

"मीच," आई म्हणाली.

आणि तिनं सगळ्यांसमोर सांगितलं. पार्लर, बेसिन, पाइप, ड्रायर. काहीही गाळलं नाही, रडलीसुद्धा नाही. शेवटी म्हणाली, "या पोरीनं नळी बिघडवली नव्हती आणि या भावानं पाणी बिघडवलं नव्हतं. जे झालं ते माझ्या हातून."

पोनीवाला छताकडे बघत राहिला. कॅशियरबाईंची नळी आता मांडीत होती, तात्पुरती.

"रागवायचं ठरवूनच बसले होते," त्या म्हणाल्या. "पण किती महिन्यांनी कुणीतरी डोक्यावरून असा हात फिरवला होता. काय बोलू? माझंही चुकलंच. सिस्टरनं अंघोळीचं विचारलं, तर मी सरळ नाही म्हणून सांगितलं."

"आमचं काय, आम्ही चोरच," दारातून मशीनवाला म्हणाला. "काकू, पार्लर उघडाल तेव्हा माझी दाढी मात्र तुमच्याकडे."

नवी सिस्टर पहिल्यांदा मोठ्यानं हसली आणि लगेच हात धुवायला गेली.

साबणबाई हसली नाही. नवीनं ताईच्या नळीचं टोक रगडलं, वाळू दिलं, जोडलं. मशीन घरघरलं. लाल रक्त नळीतून वर चढलं. आता तो तास सुरू झाला.

ताईनं शाळेत जायचं रद्द केलं होतं. ती डोळे मिटून पडली होती. तिची बोटं जरा हलली की साबणबाई एक पाऊल पुढे सरकायची. एकदा ताईनं पांघरूण वर ओढलं. नवी सिस्टर जागच्या जागी थांबली. काकांनी पेपर खाली केला.

"काय झालं?" साबणबाईनं विचारलं.

"काही नाही. पंख्याचा वारा येतोय."

आई बाहेर बाकड्यावर होती. सांगून झाल्यावर ती तिथेच जाऊन बसली होती, हात मांडीवर उपडे ठेवून, जणू ते कुणा दुसऱ्याचे आहेत. साबणबाई तिच्यापाशी गेली.

"आत चल."

"नको. माझे हात नकोत तिथे."

"हात धुऊन चल. मास्क लाव. आणि डोक्याचं असं, की मान मागे नाही, बेसिन नाही, वाहतं पाणी नाही. पाणी न लागणारी टोपी मिळते, शाम्पू आतच असतो. टोपी घालायची, चोळायचं, पुसायचं. आधी मी नवीकडून पट्टी तपासून घेईन. मग तू कर. नवीसमोर कर."

"हे आधी का नाही सांगितलंस?"

"मला कुणी विचारलं नव्हतं. आणि मीही कुणाला विचारलं नव्हतं, की केसांचं काय करता म्हणून."

आईनं हात धुतले. बोटांच्या बेचक्यांतून, अंगठ्याभोवती, मनगटापर्यंत, असे धुतले की साबणबाईलाच तिला थांबवावं लागलं. मग ती आत जाऊन सहाव्या खुर्चीशेजारी बसली. तास भरून गेला होता. कुणाच्या ते लक्षातच आलं नव्हतं. सगळे ताईकडे बघत होते आणि घड्याळाकडे कुणीच नाही.

ताईनं डोळे उघडले. आईचा हात उचलून तिनं आपल्या कपाळावर ठेवला.

"बघ गं, ताप आहे का?"

आईनं तळहात फिरवून पाहिला. मग उलटा हात गालाला लावला, लहानपणी लावायची तसा.

"नाही. गार आहेस."

साबणबाईनं तरीही थर्मामीटर लावला.